पांढऱ्या साडीची निळाई

रमाई जयंतीचा रोल धुऊन आला. भाग्यश्री गजभियेंनी तो नेहमीसारखा घरीच स्कॅन केला आणि पडद्यावर पाहिलं, तर एकही चेहरा धड नाही. भाषण करणारी बाई धूसर, समोर बसून ऐकणाऱ्या बाया धूसर, आणि मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली कापडी पिशवी मात्र अशी लख्ख, की तिच्यावरचं दुकानाचं नाव सहज वाचून घ्यावं.

त्यांनी आधी स्कॅनरला बोल लावला. यंत्र जुनं होतं, काच पुसून पुसून कडेला चरे पडले होते. काच परत पुसली, निगेटिव्ह परत लावली, परत स्कॅन केलं. पिशवी पुन्हा लख्ख आली.

"मावशी, स्कॅनर बिचारा काय करेल?" ऋतिका त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "पिशवी शार्प आहे ना? म्हणजे फोकसच मागे गेलाय. कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम आहे."

ऋतिका त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. हडपसरच्या एका आयटी कंपनीत नोकरी लागल्यापासून ती धायरीत मावशीकडेच राहत होती. भाग्यश्रीबाईंनी लग्न केलं नव्हतं. टपाल खात्याच्या हिशेब कार्यालयात नोकरी लागली म्हणून त्या भंडाऱ्याहून पुण्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. निवृत्त होऊन आता वर्ष उलटलं होतं. कुणी विचारलं, 'वेळ कसा जातो हो तुमचा?' तर त्या गळ्यातला कॅमेरा नुसता वर उचलून दाखवत.

तो रेंजफाइंडर होता, ऋतिकाच्या जन्माआधी घेतलेला, तोही दुसऱ्या हातचा. त्याच्या खिडकीतून पाहिलं की मधोमध एक उजळ चौकट दिसते आणि त्या चौकटीत समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकाच्या शेजारी दुसरा. भिंगाभोवतीचं कडं फिरवत जायचं. दोन माणसं एकमेकांकडे सरकतात आणि एका क्षणी एकावर एक अशी बसतात, की तिथे दोन होती हे खरं वाटू नये. मग बटण दाबायचं. भाग्यश्रीबाईंच्या लेखी फोटो काढणं म्हणजे हे दोनाचं एक होणं. बाकी सगळं पुढचं काम.

धायरीच्या विहारात बुद्ध पौर्णिमेला बाया पांढऱ्या साड्या नेसून जमत. वंदना झाली, खीर वाटून झाली, की भाग्यश्रीबाई एकेकीला अंगणातल्या निंबाखाली उभं करून तिचा रंगीत फोटो काढत. हे बरीच वर्षं चालू होतं. निगेटिव्ह घरी स्कॅन करायच्या, रंग संगणकावर स्वतः बसवायचे, प्रिंट काढून जिची तिला द्यायची. विहाराच्या आजूबाजूला असं घर नव्हतं, जिथे त्यांनी काढलेला फोटो नव्हता. म्हणूनच रमाई जयंतीचा रोल वाया गेला तेव्हा त्यांना स्वस्थ बसवेना. तो धुऊन येईपर्यंत पौर्णिमा तोंडावर आली होती.

शनिवार पेठेत रंगनाथराव जुने कॅमेरे दुरुस्त करत. भाग्यश्रीबाई कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेल्या. आठवड्याने बोलावणं आलं.

"घेऊन जा," रंगनाथराव म्हणाले. "काही झालेलं नाही त्याला."

"मग फोटो असे का येतात?"

"ते फोटो काढणाऱ्याला विचारा. मी फक्त कॅमेरे दुरुस्त करतो."

"अहो, नीट बघितलंत का पण?"

"नाही, आठवडाभर नुसता समोर ठेवून त्याची आरती केली."

भाग्यश्रीबाई तणतणत घरी आल्या. माणूस म्हातारा झाला, आता कामात लक्ष नाही, कॅमेरा उघडलासुद्धा नसेल मेल्याने, असं बरंच काही त्या चहा होईपर्यंत बोलल्या. ऋतिकाने कपबशी बाजूला ठेवली, कॅमेरा उचलला आणि बाल्कनीत जाऊन समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धरला. कडं फिरवलं.

"मावशी, मला तर एकदम क्लिअर दिसतंय. दोन टॉवेल आहेत... आणि हा बघ, एक झाला."

"दे इकडे."

भाग्यश्रीबाईंनी डोळा लावला. उजळ चौकट त्यांना दिसली, पण ती दुधात बुडवल्यासारखी. तिच्यात टॉवेल होता की टॉवेलच्या दोन सावल्या, सांगता येईना. टपालावर शिक्का मारताना हात हलला की ठसा जसा दुहेरी उमटतो, तसं ते होतं. त्यांनी कडं पुढे फिरवलं, मागे फिरवलं. ठसा दुहेरीच राहिला. त्यांनी गुपचूप डावा डोळा लावून पाहिला. थोडा बरा, पण तोही तसाच.

"एक झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच," ऋतिका म्हणाली, आणि मग तिच्या आवाजाचा नूर बदलला. "मावशी, तुला दिसत नाहीये का?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. "वाचताना जाणवलं नाही तुम्हाला?" त्यांनी विचारलं. भाग्यश्रीबाईंना जाणवलं होतं, पण उजेडच कमी पडतोय असं समजून त्यांनी घरातले दिवे बदलले होते. घाई नाही, पण फार लांबवूही नका, असं डॉक्टर म्हणाले. भाग्यश्रीबाईंनी पौर्णिमेनंतरची तारीख घेतली. ऑपरेशन झालं की धूळ नको, ऊन नको, गर्दी नको. पौर्णिमा चुकवणं त्यांना जमणार नव्हतं.

"आणि फोटो कसे काढणार?" ऋतिकाने रिक्षात विचारलं.

भाग्यश्रीबाईंनी डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

"माझा कॅमेरा घे. तो स्वतःच फोकस करतो. चेहरा दिसला की डोळा पकडतो."

"तुझ्या कॅमेऱ्याचे फोटो मला आवडत नाहीत."

हा वाद त्या घरात जुना होता. ऋतिकाकडे चांगला डिजिटल कॅमेरा होता. ती म्हणे, "फिल्म मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, रंगीत रोल धुवायला लॅबवाले मुंबईला पाठवतात, मग तू रविवारचे रविवार त्या स्कॅनरसमोर बसून धूळ टिपतेस. शेवटी होतं काय? डिजिटल फाइलच ना? मग सुरुवातच तिथून कर." ते खरंच होतं, हे भाग्यश्रीबाईंनाही ठाऊक होतं. पण त्यांच्याकडे एक हुकमी मुद्दा होता. डिजिटलचा पांढरा त्यांना पांढरा वाटत नसे. ऋतिकाने काढलेल्या फोटोंत विहाराच्या भिंती, साड्या, मोगऱ्याची फुलं, सगळं त्यांना पिवळट दिसे. तेलकट हात लागलेल्या कागदासारखं. त्यांनी स्कॅन केलेल्या फोटोतला पांढरा कसा स्वच्छ, धुतलेला असे.

"मला तर पांढरंच दिसतं," ऋतिका म्हणे.

"तुम्हा पोरांची नजरच बिघडलीय, दिवसभर स्क्रीन बघून बघून," असं म्हणून भाग्यश्रीबाई वाद संपवत.

पौर्णिमेला मात्र त्यांनी मुकाट्याने ऋतिकाचा कॅमेरा गळ्यात अडकवला.

सगळ्यात आधी गोदाबाई निंबाखाली येऊन उभ्या राहिल्या. तो त्यांचा मान होता. गोदाबाई मूळच्या धायरीच्याच, विहाराची जागा काट्याकुट्यांनी भरलेली होती तेव्हापासूनच्या. दर वर्षी फोटोला उभ्या राहिल्या की त्या श्वास रोखून धरत. भाग्यश्रीबाई कडं फिरवेपर्यंत त्यांचा चेहरा लाकडासारखा होई. या वेळी कॅमेऱ्याने चिव्‌ केलं आणि फोटो निघालासुद्धा.

"झाला?" गोदाबाईंचा विश्वास बसेना. "दावा बरं."

भाग्यश्रीबाईंनी मागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. गोदाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं.

"अगं बया. ही कोन म्हातारी? तोंड बघा की, जनू पोलिसानं धरून आनलंय." आणि त्या स्वतःवरच खळखळून हसल्या, तोंडात उरलेले सगळे दात दाखवत. भाग्यश्रीबाईंच्या बोटाने नकळत बटण दाबलं.

त्यानंतर अंगणात जत्रा झाली. प्रत्येक बाई फोटो झाला की पडद्यापाशी येई. ही म्हणे पदर नीट नाही, परत काढा. ती म्हणे डोळे मिटले. एरवी भाग्यश्रीबाई एकेकीसाठी दोन-तीन फोटो खर्च करत आणि तिसऱ्याला जीव वरखाली होई. आज त्यांनी मोजलंच नाही. घरी आल्यावर त्या दमून कॉटवर आडव्या झाल्या. कशाने दमलो ते त्यांना कळेना. फोटो काढले होते, पण त्यांना वाटत राहिलं की त्यांनी काहीच केलं नाही. कॅमेऱ्याने पाहिलं, बायांनी पाहिलं, त्यांनी फक्त धरून ठेवलं.

"कसे आलेत बघ तरी," ऋतिका लॅपटॉप घेऊन आली. गोदाबाईंची पापणीन् पापणी दिसत होती. "मान्य कर मावशी."

"शार्प आहेत," भाग्यश्रीबाई म्हणाल्या. "पिवळे आहेत."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाकडे त्या इतका वेळ टक लावून बघत राहिल्या, की डॉक्टरांनी कुठे डाग पडलाय का ते वाकून पाहिलं. घरी आल्यावर त्यांची भटकंती सुरू झाली. स्वयंपाकघरातले तांदूळ पाहिले. दुधाचं पातेलं पाहिलं. न्हाणीघरातल्या फरशीसमोर उभ्या राहून त्या एकदा उजवा डोळा मिटत, एकदा डावा. नव्या डोळ्याने फरशी पांढरीशुभ्र. जुन्या डोळ्याने तीच फरशी फिक्या चहासारखी.

"ऋतिका, ही फरशी कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी. का?"

"नक्की?"

"मावशी, तू मला घाबरवतेयस."

डॉक्टरांनी काही दिवस स्क्रीन बंद सांगितली होती. ते दिवस संपले त्या सकाळी भाग्यश्रीबाईंनी संगणक लावला आणि सवयीने गेल्या वर्षीच्या पौर्णिमेचे, फिल्मवरचे फोटो उघडले. डाव्या डोळ्यावर हात धरला.

गोदाबाई निळ्या साडीत उभ्या होत्या.

आकाशी म्हणावी अशी निळी नव्हे, पण पांढरी मुळीच नव्हे. धुताना बादलीत नीळ जास्त पडावी आणि साडीने ती सगळी पिऊन टाकावी, तशी. मागची विहाराची भिंत निळसर, निंबाचा बुंधा निळसर. गोदाबाईंच्या सावळ्या गालांवर थंडीने काकडल्यासारखी झाक. त्यांनी त्याच्या आधीच्या वर्षीचे उघडले. तिथे निळाई थोडी कमी. त्याच्या आधीचे, आणखी कमी. मागे मागे जात त्या जुन्या वर्षांपर्यंत पोचल्या, तिथे साड्या पांढऱ्या होत्या. मग ऋतिकाने काढलेले या वर्षीचे उघडले. पांढरेशुभ्र.

सगळा उलगडा व्हायला त्यांना वेळ लागला नाही. डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, पडदा पिवळा दिसत होता, आणि तो पिवळा घालवायला त्या दर वर्षी रंगात थोडा थोडा निळा वाढवत होत्या. स्वतःच्या हाताने. मोठ्या अभिमानाने.

"आणि मी तुला म्हणत होते नजर बिघडलीय म्हणून," त्या ऋतिकाला म्हणाल्या.

ऋतिकाला हसू आलं होतं, पण मावशीचा चेहरा बघून तिने ते गिळलं. "अगं, निगेटिव्ह आहेत ना? परत स्कॅन कर. तिथले रंग कुठे गेलेत?"

"निगेटिव्ह आहेत." भाग्यश्रीबाईंनी कपाटाकडे पाहिलं. प्लॅस्टिकच्या पाकिटांत सगळी वर्षं ओळीने उभी होती. "बघ, तुझ्या डिजिटलमध्ये हे जमलं असतं का?"

"जमलं असतं. मूळ फाइल ठेवली की तीही तशीच राहते. रंग कधीही बदलता येतात."

भाग्यश्रीबाईंना वाटलं होतं, एक मुद्दा तरी आपल्या बाजूचा निघाला. तोही गेला. पण त्यांना त्याचं फारसं वाटलं नाही. वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते निळे फोटो घराघरांत लागले होते. इतक्या बायांनी इतकी वर्षं ते पाहिले आणि एकीनेही तोंडातून शब्द काढला नाही. काय म्हणाल्या असतील मनात? बाई एवढी शिकलेली, एवढ्या हौसेने करते, कशाला बोलायचं?

त्याच संध्याकाळी त्या काळा चष्मा लावून गोदाबाईंकडे गेल्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली गोदाबाईंचा गेल्या वर्षीचा फोटो होता. निळा.

"जय भीम. या ताई, बसा. डोळा बरा हाय ना?"

"बरा आहे. गोदाबाई, एक विचारू? हा फोटो... साडी निळी दिसते, नाही का?"

"दिसती की."

"मग मला बोलला का नाहीत?"

गोदाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की प्रश्नच कळला नाही. "त्यात काय बोलायचं? तुमी मुद्दामच केलंय ना ते? निळं. आपला रंग." त्यांनी तसबिरीकडे हात केला. "पयल्या साली आपल्या विहारातली मुक्ताई म्हनाली, ताईंनी बघ कसा हळूच निळा टाकलाय, जास्त न्हाय, कमी न्हाय. तवापासून दर साली आमी बघतो, औंदा किती टाकलाय ते."

भाग्यश्रीबाईंनी चष्मा काढला. डोळ्यात औषध घातल्यासारखं पाणी आलं होतं, हसण्याचं की कशाचं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्यांनी सगळं सांगितलं. पिवळा पडदा, वाढवलेला निळा, सगळं. गोदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे चुकून झालं?"

"चुकून झालं."

"असू द्या. चांगलं झालं."

पावसाळाभर भाग्यश्रीबाई जुन्या निगेटिव्ह परत स्कॅन करत बसल्या. एका डोळ्याने. डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर होतं, म्हणून त्या काम करताना चष्म्याच्या डाव्या काचेवर कागद चिकटवत. गोदाबाईंची नवी प्रिंट तयार झाली तेव्हा ती, आणि सोबत ऋतिकाच्या कॅमेऱ्यातला तो हसतानाचा फोटो, असे दोन्ही घेऊन त्या गेल्या. गोदाबाईंनी पांढऱ्या साडीतला फोटो उलटसुलट करून पाहिला आणि नम्रपणे ट्रंकेत ठेवून दिला. भिंतीवरचा निळा हलला नाही. हसण्याचा फोटो मात्र त्यांनी मांडीवर घेतला.

"ह्यो कवाचा? मी अशी हसते?"

"अशाच हसता. तुमचा आधीचा फोटो बघून हसलात ना, तेव्हाचा."

"इतक्या सालात तुमी माझा असा एक न्हाय काढला."

टोमणा नव्हता तो. भाग्यश्रीबाई परतताना त्यावरच विचार करत राहिल्या. खरंच होतं. कडं फिरेपर्यंत गोदाबाई श्वास रोखून धरायच्या. त्या रोखलेल्या श्वासाचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले होते, आणि त्यांना ते फार आवडत. त्यात एक ठामपणा होता, डौल होता. पण तो डौल वाट पाहायला लावल्याने आलेला होता. हसणं यायला गोदाबाईंना आधी स्वतःला बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून त्यांनी रेंजफाइंडरमध्ये रोल भरला आणि खाली उतरल्या. समोरच्या बंगल्याच्या फाटकाच्या कडीवर कॅमेरा धरला. चौकट लख्ख उजळ होती. दोन कड्या दिसल्या, काळ्याभोर, धारदार. त्यांनी कडं फिरवलं. कड्या एकमेकींकडे सरकल्या, आणि बसली एक दुसरीवर. भाग्यश्रीबाईंनी बटण दाबलं नाही. त्यांनी कडं मागे फिरवून कड्या परत वेगळ्या केल्या आणि परत एक केल्या. मग भिंतीवरचं मांजर. मग शाळेच्या रिक्षातली पाठमोरी पोरं. शेजारच्या दीपाली कुलकर्णी भाजी घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, "काय काढताय हो? तिथे तर काहीच नाही." "काहीच नाही," भाग्यश्रीबाई आनंदाने म्हणाल्या.

संध्याकाळी ऋतिका हडपसरहून दमून आली. तिने पिशवीही खाली ठेवली नव्हती तोवर भाग्यश्रीबाईंनी तिला समोर बसवलं.

"माझं ठरलंय. पौर्णिमेला आता डिजिटल. तुझा नको, माझा मी घेईन. तू फक्त कुठला ते सांग."

ऋतिका बघतच राहिली. "पण आता तर तुला फोकस दिसतोय ना? सकाळी फोनवर तूच म्हणालीस."

"दिसतोय म्हणूनच. दिसत नव्हता तेव्हा नाइलाज होता, तेव्हा ठरवलं असतं तर जन्मभर कुढत बसले असते." त्यांनी बोटाने टेबलावरची धूळ पुसली. "कडीवर कडी बसते ना, त्यात मला फार सुख आहे गं. पण ते माझं एकटीचं सुख आहे. त्यासाठी त्या बायांना उन्हात श्वास धरून का उभं करू? त्यांना बघायचं असतं. बघू दे."

"आणि रेंजफाइंडर? विकणार?"

"वेड लागलंय का तुला? तो रोज माझ्याबरोबर फिरायला येईल. मांजरांना कुठे फोटो बघायची घाई असते?"

दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. जुन्या निगेटिव्हचं काम अजून पुष्कळ उरलं होतं, आणि आता दोन्ही डोळे सारखं सांगत असले तरी भाग्यश्रीबाईंचा आपल्या एकटीच्या नजरेवरचा भरवसा उडाला होता. म्हणून त्यांनी रविवारी विहारातल्या बायांनाच घरी बोलवायला सुरुवात केली. जिचा फोटो, तिने शेजारी बसायचं. एका रविवारी मुक्ताईची पाळी होती. बऱ्याच वर्षांपूर्वीची पौर्णिमा पडद्यावर उघडली. भाग्यश्रीबाईंनी माउसने साडीवर नेम धरला आणि रंग पांढराशुभ्र करून आणला.

"हे काय केलंत?" मुक्ताई म्हणाली. "ही साडी पांढरी नव्हतीच."

"पौर्णिमेची साडी ना? पांढरीच असणार."

"सगळ्यांची असेल. माझी मोतिया होती, जराशी पिवळसर. भाऊ घेऊन आला होता, त्याला दुकानातल्या दिव्यात कळलं नाही."

मागे चहा गाळत असलेली ऋतिका फिस्सकन हसली. भाग्यश्रीबाईंनी एकदा मुक्ताईकडे आणि एकदा पडद्याकडे पाहिलं. निगेटिव्हमधून दोन्ही रंग निघत होते, आणि त्यातला कुठला होता हे या खोलीत एकाच बाईला माहीत होतं. त्यांनी पडद्यावरच्या रंगपट्टीवरची खूण पिवळ्याकडे किंचित सरकवली.

"आता?"

"अजून जरा," मुक्ताई म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली.